खोली आणि अंगण

मन दुखावले, खचले किंवा बिथरले म्हणजे माणसाने कोणाच्या दाराशी जावे, हा प्रश्न आमच्या या किनाऱ्याला नवा नाही. त्याची उत्तरेही जुनीच आहेत. कोणी देवळात गाऱ्हाणे घालतो, कोणी कौल लावून घेतो, कोणी क्रुसापुढे मेणबत्ती लावतो, कोणी धर्मगुरूंकडून डोक्यावर हात ठेवून घेतो. आणि कित्येक जण कोणाकडेच न जाता बाटली जवळ करतात. फारच बिनसले तर 'रत्नागिरीला न्या' असे म्हणण्याची रीत आहे. तेथील मनोरुग्णालयाचे नाव आपल्याकडे उपचाराचे ठिकाण म्हणून कमी आणि टोमणा म्हणून अधिक उच्चारले गेले.

अलीकडे या उत्तरांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. कुडाळ, सावंतवाडी, म्हापसा किंवा पणजी येथे, अथवा मोबाइलच्या पडद्यावर पुण्या-मुंबईहून, फी घेऊन ऐकणारी एक प्रशिक्षित व्यक्ती भेटते. तिला थेरपिस्ट म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ हा औषध देणारा डॉक्टर. थेरपिस्टचे साधन संवाद हे असते. यांपैकी काही जण आपल्या कामाचे वर्णन करताना दोन गोष्टी आवर्जून सांगतात. आघाताची जाण ठेवून आम्ही काम करतो, ही पहिली. आणि समाजाचे भान ठेवून करतो, ही दुसरी. अशा थेरपिस्टकडे जाण्याचा विचार आपल्या गावांतील माणसे, विशेषतः तरुण मुली आणि मध्यमवयीन स्त्रिया, आता करू लागल्या आहेत. घरात त्यावरून वादही होतात. या वादांच्या तळाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. तो असा: जी जखम समाजाने केली, ती एकट्याने, बंद खोलीत, स्वतःच्या पैशाने भरून काढणे न्याय्य आहे काय?

प्रथम 'आघात' या शब्दाचा अर्थ पाहू. दुःख आणि आघात एक नव्हेत. आई-वडिलांचे वयोमानाने जाणे हे दुःख आहे; काळ, नातलग आणि प्रार्थना यांनी ते हळूहळू निवते. ज्या प्रसंगी माणसाचा जीव, देह किंवा प्रतिष्ठा धोक्यात येते आणि त्याला ना पळता येते ना प्रतिकार करता येतो, तो प्रसंग आघात होऊ शकतो. त्याची खूण अशी की घटना संपते, पण शरीर ती संपली असे मानीत नाही. एखादा आवाज, एखादा वास, दाराची कडी वाजणे पुरते. छाती धडधडू लागते, झोप उडते, नाहीतर सारे अंग बधिर होते. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या डॉक्टरांनी नेट लावल्यावर १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेला आपल्या निदानपुस्तिकेत स्थान दिले. पुढे बोस्टनच्या डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की रणांगणावरून आलेल्या सैनिकाच्या मनावर जे वळ दिसतात, तेच घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या आणि बालपणी अत्याचार सोसलेल्या मुलीच्या मनावरही दिसतात. सैनिकाची जखम जगाला आधी दिसली. स्वयंपाकघरातली दिसायला वेळ लागला.

आता आपल्या किनाऱ्यावरचे एक कल्पित उदाहरण घेऊ. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले. होड्या फुटल्या, माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. समजा, एका मासेविक्रेत्या बाईच्या घरची होडी त्या वादळात गेली. नवी होडी कर्जाने आली. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, हप्ता मात्र चुकत नाही. नवरा पिऊ लागला, मग हात उगारू लागला. आता वारा सुटला की ही बाई रात्रभर जागते. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. शेजारीण म्हणते, 'तिका कायतरी लागला.' सासू म्हणते, जगात काय हिच्याच घरची होडी बुडाली? वाचकहो, या बाईचा आजार कोणता? वादळ, कर्ज, दारू की नवऱ्याची मूठ? आणि रात्री वाऱ्याच्या आवाजाने ती दचकते, तेव्हा तिला खरोखर भीती कशाची वाटते, वाऱ्याची की वाऱ्याबरोबर दारात येणाऱ्या पावलांची?

हिने उपचार सुरू करायचे ठरविले तर त्या खोलीत काय घडेल? आघाताची जाण असलेला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी 'सगळे सांगून टाक' असे म्हणत नाही. आपल्याकडे समज असा की मन मोकळे केले की बरे वाटते. पण घाईने उकरलेली जखम पुन्हा वाहू लागते. डॉ. हर्मन यांनी या कामाचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा नाते. म्हणून पहिल्या काही भेटी झोप, जेवण, श्वास, घरात आज रात्री धोका आहे काय, गरज पडली तर कोणाकडे जाता येईल, अशा साध्या प्रश्नांत जातात. काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे हे येणारी व्यक्ती ठरविते. ज्याच्यावर आघात झाला, त्याच्या हातून त्या क्षणी सगळे सूत्र काढून घेतलेले असते. उपचारात ते पहिल्या दिवसापासून त्याच्या हाती परत द्यायचे असते. भेट बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण तासाच्या आसपास असते. तिथे बोललेले तिथेच राहते. याला मर्यादा आहेत, आणि त्या आधीच सांगितल्या जातात: कोणाच्या जिवाला धोका असेल, अथवा अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर गप्प राहता येत नाही. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने अशी माहिती असलेल्या प्रत्येकावरच ती कळविण्याचे बंधन घातले आहे.

येथवर कोणाचा आक्षेप नसावा. मतभेद सुरू होतात ते 'समाजाचे भान' या शब्दांपाशी. मनाच्या वैद्याने मन पाहावे. त्याने कर्ज, जात, सासर, मच्छीमारीचे प्रश्न यांत का पडावे, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. याचे उत्तर त्या कल्पित बाईपाशीच आहे. तिला केवळ दीर्घ श्वास घ्यायला आणि चांगला विचार करायला शिकवून परत पाठविले, तर त्याचा अर्थ तिला असा लागेल की बाकी सारे ठीक आहे, बिघाड हिच्यातच आहे. तिच्या सासूचेही म्हणणे हेच होते. मारणारा आणि मार खाणारी यांच्यामध्ये जो तटस्थ उभा राहतो, तो मारणाऱ्याला उपयोगी पडतो, मग त्याच्या मनात तसे असो वा नसो.

हा विचार एका धर्मगुरूने आपल्या रक्ताने लिहून ठेवला आहे. फादर इग्नासियो मार्तिन-बारो हे स्पेनमध्ये जन्मलेले येशूसंघीय, पेशाने मानसशास्त्रज्ञ. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या लहानशा देशात ते विद्यापीठात शिकवीत. तिथे यादवी युद्ध पेटले होते. मनाचा आघात हा व्यक्तीच्या डोक्यात शोधायचा नसून व्यक्ती आणि समाज यांच्या नात्यात शोधायचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. गावेच्या गावे भीतीने गप्प बसलेली असताना एकेकाला खोलीत बोलावून 'तुझी भीती अवास्तव आहे' असे सांगणे म्हणजे विज्ञानाच्या नावाखाली खोटे बोलणे होय, हा त्यांच्या लिखाणाचा मथितार्थ. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या सैनिकांनी विद्यापीठाच्या आवारात शिरून त्यांना, आणखी पाच येशूसंघीयांना, तेथे काम करणाऱ्या एल्बा रामोस यांना आणि त्यांची कोवळी मुलगी सेलिना हिला ठार केले.

एल साल्वादोर दूर आहे. म्हणून घरचे उदाहरण पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांत तळकोकणातील माणसांची संख्या मोठी होती. मनीऑर्डरीवर चालणारी कितीतरी घरे त्यांच्या भरवशावर उभी होती. संप कधी रीतसर संपलाच नाही; तो विरत गेला आणि हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. त्यांतले अनेक जण ट्रंक घेऊन गावी परतले. ओसरीवर दिवसभर बसून राहणारा, कोणाशी न बोलणारा, संध्याकाळी पिऊन येणारा, मुलांवर खेकसणारा माणूस त्या काळी आमच्या किती तरी वाड्यांत होता. गावाने त्याला आळशी म्हटले, वाया गेलेला म्हटले. त्याच्या हातचे काम, त्याची खोली, त्याचे सोबती आणि 'मुंबईवाला' हा त्याचा मान एका फटक्यात गेला, याला आघात म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही. त्याला बोलायला खोली मिळाली नाही, आणि अंगणात त्याच्या वाट्याला उपहास आला. त्या ओसऱ्यांवर जी मुले वाढली, ती आज चाळिशी-पन्नाशीची आहेत. त्यांतला एखादा आज थेरपिस्टपुढे बसून 'बाबा माझ्याशी असे का वागले' असे विचारू लागला आणि समोरच्याला त्या संपाची गंधवार्ता नसेल, तर तो बापाच्या स्वभावातच सारे कारण शोधीत बसेल. समाजाचे भान म्हणजे एवढेच: माणसाची गोष्ट ऐकताना तिच्यातली साल-तारीख ऐकू येणे.

मात्र दुसऱ्या बाजूलाही एक खड्डा आहे, आणि विचारी लोक त्यात पडतात. सारे काही समाजाने केले असे एकदा ठरविले की माणूस दिसेनासा होतो. उरते ते उदाहरण. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या बांधवांना नेले. तहानेलेल्यांचे समुपदेशन करून भागत नाही, त्यांना पाण्यापर्यंत जाता आले पाहिजे, ही ती शिकवण होती आणि ती पुरती खरी आहे. पण त्या तळ्यावरून घरी परतलेल्या प्रत्येकाला रात्री स्वतःच्या मनाशीही राहायचे होते. लहानपणी लांबून वाढलेली भाकरी, वर्गात वेगळी बसण्याची जागा, यांची आठवण कायद्याने पुसली जात नाही. रत्नागिरीकडच्या ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' हे २००३ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन वाचताना हेच उमगते: जातीचा व्यवहार सार्वजनिक असतो, पण तो लागतो एका विशिष्ट मुलीला, एका विशिष्ट दुपारी. तेव्हा तळे मोकळे करणे आणि त्या मुलीचे ऐकून घेणे ही दोन कामे आहेत. एकाच्या नावाखाली दुसरे टाळता येत नाही. ज्या थेरपिस्टला फक्त व्यवस्था दिसते, तोही ऐकत नाही. तो समोरच्याच्या तोंडून आपलेच मत वदवून घेतो.

यावर एक जुनी शंका येते. दुःख असे बंद खोलीत नेणे हे आपल्या रीतीचे नव्हे. आपल्याकडे सुखदुःख चारचौघांत वाटून घेतात. या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या गावांतील गाऱ्हाणे पाहा. देवळापुढे सारा गाव उभा राहतो. ज्याला मान आहे तो पुढे होऊन गावावरची, घरावरची, माणसावरची अडचण मोठ्याने उच्चारतो आणि जमलेले सारे 'व्हय म्हाराजा' असे म्हणून ती आपली करून घेतात. दुःखाला आवाज देणे, साक्षीदार मिळणे, साक्षीदारांनी होकार भरणे, या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. ख्रिस्ती घरांतून लितानीच्या वेळी म्हटले जाणारे एकसुरी उत्तर याच जातीचे. ही रीत ज्यांनी घडविली त्यांना मनाची नस ठाऊक होती, यात संशय नाही.

पण त्या अंगणात कोणते दुःख उच्चारता येते हेही पाहिले पाहिजे. पीक, पाऊस, आजारपण, मूल नसणे, मुंबईची नोकरी, समुद्रावर गेलेल्याची खुशाली, ही गाऱ्हाणी होतात. नवऱ्याने काल रात्री मारले, चुलत्याने मुलीला हात लावला, वाडीतल्या अमुक घरांना अमुक विहिरीवर येऊ दिले जात नव्हते, मुलगा मुलग्यावर प्रेम करतो म्हणून बापाने त्याला घराबाहेर काढले, ही गाऱ्हाणी तिथे होत नाहीत. कारण उच्चार करण्याचा मान ज्याच्याकडे आहे, त्याच्याविरुद्धच कित्येकदा ते गाऱ्हाणे असते. आमच्या ख्रिस्ती अंगणाचेही तेच. ज्या कोणाला झग्यातल्या माणसाकडून जखम झाली, त्याला 'झग्यातल्या माणसाकडेच येऊन बोल' असे सांगणे हा दुसरा आघात होय. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये अशा तक्रारी दडपू नयेत म्हणून जगभरच्या ख्रिस्तसभेला नियम घालून दिले, ते उगाच नव्हे.

म्हणून खासगी खोली हा आपमतलबीपणा नव्हे. अंगण सुरक्षित नाही, म्हणून खोली लागते. आमच्या खेड्यांत तर अशी खोली मिळणे हाच मोठा प्रश्न. घरात दार लावून अर्धा तास बोलावे तर साऱ्या वाडीला कळते. रेंज नाही म्हणून काजूच्या बागेत किंवा बंदराच्या कठड्यावर जाऊन पडद्यावरच्या थेरपिस्टशी बोलावे लागते. दुसऱ्या गावचा, ओळखदेख नसलेला, आपल्या नातेसंबंधांत कुठेच न बसणारा माणूस ऐकायला मिळणे ही इथल्या माणसाची खरी गरज आहे. फी देण्यातही एक मोकळीक असते: ऐकणाऱ्याचे उपकार राहत नाहीत, उद्या लग्नकार्यात तोंड चुकवावे लागत नाही.

मग धर्मगुरूचे काम काय उरले, असे आम्हांस कोणी विचारील. पापनिवेदन आणि मानसोपचार यांची गल्लत करू नये, एवढेच आम्ही म्हणू. पापनिवेदनात माणूस स्वतः केलेल्या गोष्टींबद्दल क्षमा मागतो. आघात ही त्याने केलेली गोष्ट नव्हे, ती त्याच्यावर झालेली आहे. जिथे दोष नाही तिथे क्षमा देऊ पाहणे म्हणजे दोष चिकटविणे होय. अत्याचार सोसलेली व्यक्ती वर्षानुवर्षे तेच ते 'पाप' सांगायला येते, आणि ते पाप दुसऱ्याचे असते. अशा वेळी तिला योग्य दाराकडे पाठविणे हेच धर्मगुरूचे काम. ख्रिस्तसभेने या शास्त्राकडे पूर्वी संशयाने पाहिले, हे खरे. पण पोप बारावे पायस यांनी एप्रिल १९५३ मध्ये रोम येथे मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे भाषण करून त्यांच्या कामाची गंभीर दखल घेतली. आणि पोप फ्रान्सिस यांनी तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत उघड सांगितले की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, अर्जेंटिनात असताना, ते सहा महिने दर आठवड्याला एका ज्यू स्त्री मनोविश्लेषकाकडे जात असत. तो काळ तिथल्या लष्करी राजवटीचा होता. लपलेल्या माणसांना चौक्यांवरून पार नेताना जी भीती मनावर बसली, तिच्याशी कसे वागावे हे त्या उपचारांत आपण शिकलो, असेही त्यांनी पुढे सांगितले. जखम राजवटीने केली होती. तिच्यावर काम खोलीत झाले. त्या खोलीत ते राजवटीला विसरले नाहीत, आणि खोलीत गेले म्हणून त्यांची श्रद्धाही उणी झाली नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि हाच सर्वांत अवघड आहे. एका भेटीची फी ही आमच्याकडील कित्येक घरांच्या आठवड्याच्या बाजारहाटाएवढी असू शकते. म्हणजे ज्याला समाजाने सर्वाधिक दुखविले, तोच उपचारापासून सर्वाधिक दूर. समाजाचे भान हा शब्द ज्याने आपल्या पाटीवर लिहिला, त्याच्यावर येथे पहिली जबाबदारी येते; ऐपतीप्रमाणे फी घेणे, काही जागा कमी फीच्या राखणे, असे अनेक थेरपिस्ट करतातही. पण त्याच्या एकट्याच्या औदार्यावर हे सोडून कसे चालेल? त्यालाही पोट आहे. शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची गोष्ट सर्वांना पाठ आहे. तिच्या शेवटाकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्यावर तो त्या जखमी माणसाला खाणावळवाल्याच्या हवाली करतो, दोन दीनार काढून देतो आणि अधिक लागल्यास परतताना देईन असे सांगतो. सगळे आपणच करू असा त्याचा आग्रह नाही. ज्याचे ते काम आहे त्याच्यावर तो सोपवितो, त्याचा मोबदला चुकता करतो आणि पुन्हा येण्याचे वचन देतो. जखमी माणसाला स्वतःचे बिल भरावे लागत नाही, ही त्या गोष्टीतली व्यवस्था आम्हांस फार मोलाची वाटते. रापण एकट्याने ओढता येत नाही हे ज्या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला हे अवघड वाटू नये. धर्मग्राम, मच्छीमार संस्था, बचतगट यांपैकी कोणीही वर्षाकाठी चार-दोन माणसांचे हे दोन दीनार गुपचूप भरू शकते.

खासगी खोली हाच एकमेव मार्ग आहे असेही नाही. शेजारच्या गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केले. तीव्र नैराश्य असलेल्यांना त्यांनी सहा ते आठ भेटींत दिलेल्या मदतीचा गुण येतो, हे २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सप्रमाण मांडले गेले. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि त्याची गुप्तता राखणे हे कर्तव्य ठरविले. दीर्घकाळच्या, खोल आघातासाठी मात्र प्रशिक्षित थेरपिस्टची सावकाश सोबत लागते, आणि ती आज बहुतेक ठिकाणी खासगीच मिळते.

म्हणून जो कोणी असा आरंभ करू पाहतो, त्याने पहिल्या भेटीत निःसंकोच विचारावे: आपले शिक्षण काय, नोंदणी कोठे, आघाताच्या कामाचे प्रशिक्षण कोणाकडे घेतले, आपल्या कामावर देखरेख कोणाची, फी परवडली नाही तर काय, आणि माझी जात, माझा धर्म, माझे घर यांविषयी मी बोललो तर आपण ते ऐकाल काय? समुपदेशक अशी पाटी कोणीही लावू शकतो, अशी परिस्थिती आपल्या देशात दीर्घकाळ राहिली आहे. विचारण्यात उद्धटपणा नाही. मन न जुळल्यास दुसरीकडे जाण्यातही काही गैर नाही. ज्याला हे प्रश्न अपमानास्पद वाटतात, त्याच्यापुढे आपली जखम उघडू नये.

आणि बाकीच्यांनी, म्हणजे आपण अंगणातल्यांनी, काय करावे? डॉ. हर्मन यांनी २०२३ साली, तीस वर्षांच्या अंतराने, आणखी एक ग्रंथ लिहिला. अत्याचारातून वाचलेल्यांना न्याय म्हणजे काय हवे असते, हे त्यांनी त्या माणसांनाच विचारले. शिक्षेपेक्षाही बहुतेकांना हवे होते ते हे की जे घडले ते घडले असे त्यांच्या माणसांनी मान्य करावे आणि कलंक ज्याचा त्याच्या माथी जावा. थेरपिस्ट हे देऊ शकत नाही. तो माणसाला बोलण्याचे बळ देईल. 'व्हय' म्हणायला अंगणच लागते. खोलीतले काम पुरे झाले असे केव्हा म्हणावे, तर जे तिथे कुजबुजत सांगितले, ते बाहेर निदान एका माणसापुढे न घाबरता सांगता येईल तेव्हा. कोणी सांगावेच असा हट्ट नाही. सांगता यावे, एवढेच.

तोवर फार मोठे काही करायचे नाही. शेजारची बाई दर बुधवारी दुपारच्या एसटीने कुडाळला जाते. का जाते, हे तिला विचारू नये. तिच्या मुलाला शाळेतून आणून आपल्या ओसरीवर बसवावे, त्याला पेज वाढावी. ती संध्याकाळी परतून मुलाला न्यायला दाराशी आली, की तिच्या चेहऱ्यावरून काही वाचण्याचा प्रयत्न न करता तिलाही बस म्हणावे. बोलली तर ऐकावे. आणि तिने सांगितलेले आपल्याच घरातल्या कोणाविरुद्ध असले, तरीही ऐकावे.